इझुमो: दंतकथेला खांब सापडले तिथे

इझुमोच्या महामंदिरात आतल्या दरवाजासमोरच्या फरसबंदीवर एकमेकांना खेटून तीन वर्तुळं आखलेली आहेत. दर्शनाच्या घाईत असलेला माणूस त्यांच्यावरून सहज चालत जातो. पण जरा थांबून त्यातल्या एका वर्तुळात उभं राहावं आणि पायांभोवती किती जागा उरते ते बघावं. हा एका झाडाच्या बुंध्याचा घेर आहे, सुमारे १.३५ मीटर व्यासाचा. असे तीन बुंधे उसाच्या मोळीसारखे एकत्र आवळून त्यांचा एक खांब केलेला होता. त्या एका खांबाची जाडी भरते जवळजवळ तीन मीटर. आणि एका मंदिराला असे खांब होते नऊ.

जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम भागात, कोरियाकडे तोंड करून असलेल्या किनाऱ्यावर शिमाने नावाचा प्रांत आहे. लोकसंख्येत जपानमध्ये खालून दुसरा. भातशेती, खाडीसारखं पसरलेलं शिंजी सरोवर, मागे डोंगर आणि पुढे समुद्र. याच प्रांताच्या पूर्व भागाचं जुनं नाव इझुमो. जपानी पुराणकथांचा बराचसा संसार इथे घडतो. सुसानोओ देवाने आठ तोंडांच्या ओरोची सर्पाला मद्य पाजून मारलं ते इथल्या ही नदीच्या वरच्या अंगाला. त्याच्या शेपटीतून निघालेली तलवार पुढे जपानच्या तीन राजचिन्हांपैकी एक ठरली. आणि याच देवाचा वंशज ओकुनिनुशी इथला भूमिपती झाला. इझुमोचं महामंदिर त्याचं.

मंदिर इतकं मोठं का, याचं उत्तर इ.स. ७१२ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथात आहे. सूर्यदेवता अमातेरासु हिने ठरवलं की पृथ्वीवरचं राज्य आपल्या वंशजांनी चालवावं. तिचा दूत इनासाच्या किनाऱ्यावर उतरला, तलवार मूठ खाली करून लाटांवर रोवली आणि तिच्या टोकावर मांडी घालून बसला. ओकुनिनुशीने राज्य सोडायचं कबूल केलं, पण एक अट घातली: माझ्यासाठी असं घर बांधा की त्याचे खांब खडकात रुतलेले असतील आणि छपराचे वासे आभाळाला टेकतील. सत्ता गेली, घर मिळालं. दृश्य जगाचा कारभार राजवंशाकडे आणि अदृश्य जगाचा ओकुनिनुशीकडे, अशी ही वाटणी. जगातल्या कित्येक पुराणांत हरलेला देव राक्षस ठरतो; इथे त्याला देशातलं सर्वांत उंच घर मिळालं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

उंच म्हणजे किती? आजचं मुख्य मंदिर १७४४ सालचं. उंची सुमारे २४ मीटर, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी. पण मंदिराची परंपरा सांगते की पूर्वी ते याच्या दुप्पट, ४८ मीटर होतं. आणि त्याच्याही आधी ९६ मीटर. यातला ९६ चा आकडा कुणी फारसा धरत नाही. ४८ च्या बाजूने मात्र एक जुना पुरावा होता. इ.स. ९७० मध्ये मिनामोतो नो तामेनोरी या विद्वानाने एका सरदाराच्या लहान मुलासाठी पाठांतराचं पुस्तक रचलं. त्यात देशातल्या तीन मोठ्या इमारतींचा क्रम दिला आहे: पहिली इझुमोची, दुसरी यामातोची, तिसरी राजधानीची. यामातोची म्हणजे नारा शहरातलं थोरल्या बुद्धाचं मंदिर. ते त्या काळी सुमारे ४५ मीटर उंच होतं. इझुमो त्याच्याहून उंच असेल, तर ४८ मीटर बरोबर बसतात.

दुसरा पुरावा होता पुजारी घराण्याच्या संग्रहातला एक आराखडा. त्यात नऊ वर्तुळं आहेत, तीन ओळींत तीन-तीन. प्रत्येक वर्तुळात तीन लहान वर्तुळं, आणि त्यांना बाहेरून वेढणारी लोखंडी कडी. पुढे जिना, आणि त्यावर लांबी लिहिलेली: एक चो, म्हणजे सुमारे १०९ मीटर. अठराव्या शतकातले थोर अभ्यासक मोतोओरी नोरिनागा यांनी हा आराखडा आपल्या ग्रंथात नकलून घेतला, म्हणून तो बाहेरच्या जगाला कळला. तरी तो खरा असेल असं मानायला फार थोडे तयार होते. तीन झाडं बांधून एक खांब, असे नऊ खांब, वर मंदिर आणि मैदानातून थेट गाभाऱ्यापर्यंत चढत जाणारा शंभर मीटरचा जिना, हे सगळं भक्तीच्या भरात काढलेलं चित्र वाटत होतं.

२००० साली मंदिराच्या आवारात जमिनीखाली एक दालन बांधायचं ठरलं. नियमाप्रमाणे आधी पुरातत्त्वज्ञांनी खोदकाम केलं. आणि मातीखाली, पाझरणाऱ्या पाण्याने शाबूत ठेवलेले तीन बुंधे एकमेकांना चिकटून उभे मिळाले. सुगी या जपानी वृक्षाचे. भोवती डोक्याएवढाले दगड ठासून भरलेले. पुढच्या खोदकामात आणखी दोन खांब मिळाले, तेही तीन-तीन बुंध्यांचे, आणि त्यातला एक मंदिराच्या अगदी मधोमध असणारा. लाकडाचं वय आणि जुन्या नोंदी ताडून पाहिल्यावर हे खांब १२४८ साली उभारलेल्या मंदिराचे असावेत असा निष्कर्ष निघाला. आराखड्यातली वर्तुळं खरी होती.

इथे मात्र एक पायरी जपून उतरायला हवी. सापडले ते खांबांचे बुडखे. त्यावरून जाडी कळते, उंची कळत नाही. मंदिराशेजारी २००७ साली उघडलेल्या प्राचीन इझुमो संग्रहालयात त्यातला एक खांब ठेवला आहे, आणि त्याच संग्रहालयात पाच अभ्यासकांनी बनवलेल्या मंदिराच्या पाच वेगवेगळ्या प्रतिकृती एका ओळीत मांडल्या आहेत. कुणाची ठेंगणी, कुणाची गगनचुंबी. संग्रहालयाने एक उत्तर लोकांच्या माथी मारलं नाही, पाचही मतं समोर ठेवली. हे मला त्या खांबाइतकंच मोलाचं वाटतं.

अकराव्या-बाराव्या शतकांतल्या नोंदींमध्ये मंदिर कोसळल्याचे उल्लेख वारंवार येतात. १०३१ साली तर वारा नसताना कोसळल्याचं लिहिलं आहे. इमारत आपल्या उंचीच्या भाराने पडत होती, असा याचा अर्थ अनेकजण लावतात. पडलं की पुन्हा बांधायचं. १११० साली शंभर मोठी झाडं समुद्रातून वाहत येऊन किनाऱ्याला लागली आणि त्यातून नवं मंदिर उभं राहिलं, अशीही परंपरा आहे. १७४४ नंतर मात्र तीच इमारत ठेवून जीर्णोद्धार करण्याची रीत पडली: १८०९, १८८१, १९५३ आणि २०१३. देवाला तात्पुरत्या जागी हलवायचं, छप्पर उतरवायचं, नवं चढवायचं, देवाला परत आणायचं. छप्पर म्हणजे हिनोकी झाडाच्या सालीचं. झाड न तोडता उभ्या झाडाची बाहेरची साल सोलून घेतात, तिच्या लांबट पट्ट्या एकीवर एक सरकवत बांबूच्या खिळ्यांनी ठोकतात. अशा लाखो पट्ट्यांचा जाड थर होतो. आठ-दहा वर्षांनी त्याच झाडाची साल पुन्हा काढता येते. साल सोलणारे कारागीर वेगळे, छप्पर रचणारे वेगळे, आणि दोघांचंही काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

प्रत्यक्ष दर्शनाला गेलात तर काही गोष्टी मुद्दाम बघाव्यात. पहिली गोष्ट उताराची. आवाराच्या प्रवेशकमानीतून आत शिरल्यावर वाट खाली उतरत जाते. जपानमध्ये देवाकडे जाणारी वाट सहसा चढते, म्हणून हे दुर्मीळ. दुसरी टाळ्यांची. जपानभर देवासमोर दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकतात. इझुमोत टाळ्या चार. १४ मेच्या मोठ्या उत्सवात आठ. तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण: देवाचं तोंड आपल्याकडे नाही. मंदिर दक्षिणाभिमुख आहे, पण आतलं देवस्थान पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेला बघतं. याचं कारण बांधणीत आहे. चौरस घर, तीन ओळींत नऊ खांब, मधला खांब बरोबर मध्यावर. तो मध्ये आल्यामुळे दार मधोमध ठेवता येत नाही, ते उजवीकडे सरकतं. दारातून समोर भिंत लागते, ती वळसा घालून ओलांडली की मागच्या कोपऱ्यात देव. म्हणून जाणकार भाविक प्रदक्षिणा घालत मंदिराच्या पश्चिम अंगाला जातात आणि तिथे, देवाच्या समोर येऊन, दुसऱ्यांदा हात जोडतात.

आवारात जागोजागी सशांच्या मूर्ती दिसतात. कातडी सोलल्या गेलेल्या सशाला ओकुनिनुशीच्या भावांनी खाऱ्या पाण्यात आंघोळ करायला सांगून आणखी छळलं. ओकुनिनुशीने त्याला गोड्या पाण्याने धुऊन पाणकणसाच्या परागात लोळायला सांगितलं, आणि तो बरा झाला. ही कथा जपानमधल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. याच ओकुनिनुशीला पुढे लोक दाइकोकुशी एकरूप मानू लागले, आणि दाइकोकु म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे तिथे पोचलेला महाकाल. उज्जैनला आपण ज्याला भस्म चढवतो, तो इथे खांद्यावर पोतं घेतलेला, भाताच्या पोत्यांवर उभा राहिलेला हसरा देव झाला आहे.

जुन्या चांद्र पंचांगातला दहावा महिना जपानभर ‘देव नसलेला महिना’ म्हणून ओळखला जातो. फक्त इझुमोत त्याचं नाव ‘देव असलेला महिना’. कारण साऱ्या देशातले देव आपापली ठिकाणं सोडून इथे जमतात आणि वर्षभरात कुणाची गाठ कुणाशी पडायची ते बसून ठरवतात. त्या महिन्याच्या दशमीला रात्री इनासाच्या वाळूवर होळ्या पेटवतात. देव समुद्रातून येतात, आणि त्यांना वाट दाखवतो एक समुद्रसर्प. वर्षाच्या या सुमाराला दक्षिणेकडच्या उबदार प्रवाहाबरोबर पिवळ्या पोटाचे समुद्रसर्प खरोखरच या किनाऱ्याला लागतात. तसा सर्प सापडला की तो भक्तीने मंदिरात नेऊन अर्पण करण्याची प्रथा आहे. निसर्गातली एक वार्षिक घटना आणि एक श्रद्धा इतकी घट्ट बसलेली क्वचितच दिसते.

देवांच्या मुक्कामाचीही सोय आहे. मुख्य मंदिराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला दोन लांबट इमारती, प्रत्येकीला एकोणीस दारं. एरवी बंद असणारी ही दारं त्या आठवड्यात उघडतात. गावकरी तेव्हा गाणं-बजावणं टाळतात, बांधकामं थांबवतात, मोठ्याने बोलत नाहीत. कारण देवांची सभा चालू आहे. तिथून देव सादा मंदिरात जातात आणि शेवटी मानकुसेन नावाच्या एका छोट्या मंदिरात निरोपाची मेजवानी घेतात. मेजवानी रंगली की पाहुण्यांचा पाय निघत नाही, हे तिथल्या पुजाऱ्याला माहीत असतं. तो उमे झाडाची फांदी घेऊन दार ठोठावतो आणि निघायची वेळ झाल्याचं देवांना सांगतो.

पुजाऱ्यांविषयी थोडं. महामंदिराचं मुख्य पद सेंगे घराण्याकडे आहे आणि सध्याचे मुख्य पुजारी या परंपरेतले ८४ वे मानले जातात. पद एकाकडून दुसऱ्याकडे जातं तेव्हा विधी अग्नीचा असतो. लाकडी फळीवर काठी घुसळून अग्नी काढायचा, त्यावर शिजवलेलं अन्न देवाला अर्पण करून स्वतः घ्यायचं, की नवा पुजारी जुन्याचाच देह पुढे चालवतो. म्हणून हे पद मरत नाही, अशी समजूत आहे. वडील गेले तरी मुलाला सुतक नसतं. त्याने तातडीने विधीला निघायचं.

ही फळी आणि काठी महामंदिराची स्वतःची नाही. ती डोंगरातल्या कुमानो मंदिराकडून घ्यावी लागते. दरवर्षी १५ ऑक्टोबरला महामंदिराचे लोक मोचीच्या, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताच्या, भल्यामोठ्या लांब वड्या घेऊन तिथे जातात. समोर कुमानोचा कामेदायू नावाचा मानकरी बसतो. हुद्द्याने तो अगदी खालचा. पण त्या दिवशी त्याचा मान असा की तो वड्या निरखून बघतो आणि तक्रारी सुरू करतो: यंदा रंग काळपट आहे, गेल्या वर्षीपेक्षा आकार लहान आहे, नीट कुटलेलं नाही. एवढ्या थोर मंदिराचे लोक मान खाली घालून ऐकून घेतात. मनसोक्त बोलून झालं की तो मोची स्वीकारतो आणि अग्नीची सामग्री सुपूर्द करतो. ज्याच्याकडून अग्नी घ्यायचा, त्याच्यापुढे मोठ्यानेही लहान व्हायचं, हा धडा या विधीत शब्दाविना रुजवला आहे. हे सगळं होतं ते एका लहानशा गावात, नदीकाठी.

मधली काही शतकं हा अग्निविधी कामोसु मंदिरात होत असे. मात्सुए शहराच्या दक्षिणेला, वस्ती विरळ होत जाते तिथे दाट झाडीत दगडी पायऱ्या लागतात. एकही दगड दुसऱ्यासारखा नाही. वर मोकळ्या जागेत रंग न दिलेलं, काळाने राखाडी झालेलं लाकडी मंदिर उभं आहे. सध्याची बांधणी १५८३ सालची; महामंदिराच्या शैलीतली ही सर्वांत जुनी शिल्लक इमारत. इथली देवता इझानामी, जपानची बेटं प्रसवणारी माता. इमारत महामंदिरापेक्षा लहान, पण जमिनीपासून उंच उचललेली आणि खांब जाडजूड. बाजूला जाऊन भिंतीच्या रेषेत नजर लावा: आढं पेलणारा मधला खांब भिंतीपासून बाहेर आलेला दिसतो. जुन्या बांधणीची ही खूण महामंदिरात इतकी स्पष्ट उरलेली नाही. आतली मांडणी महामंदिराच्या उलट, देवस्थानाचं तोंड पूर्वेला. छपरावरच्या फुलीसारख्या तुळयांची टोकं महामंदिरात उभी कापलेली, इथे आडवी. आत छताला नऊ ढग रंगवले आहेत. महामंदिरातल्या छतावरच्या चित्राचं नाव ‘आठ ढग’, पण प्रत्यक्षात तिथे ढग सात. आठवा उडून कामोसुला आला, असं लोक सांगतात.

मिहोनोसेकी हे कोळ्यांचं बंदर पूर्वेला भूशिराच्या टोकाशी आहे. तिथल्या मिहो मंदिराला दोन गाभारे जोडून आहेत, कारण देव दोन. त्यातला एक ओकुनिनुशीचा मुलगा, मासेमारीचा देव एबिसु. राज्य द्यायचं की नाही हे विचारायला बापाने होडी पाठवली तेव्हा हा मिहोला गळ टाकून बसला होता. ३ डिसेंबरला गावकरी तो निरोप आजही होड्या वल्हवत पोचवतात आणि थंडीत एकमेकांवर समुद्राचं पाणी उडवतात. दुसरी एक गोष्ट जेवणाच्या ताटातली. कोंबडा अवेळी आरवला, एबिसु फसून निघाला आणि त्याला दुखापत झाली. म्हणून या गावात जुन्या लोकांनी कोंबडी आणि अंडी वर्ज्य केली. मात्सुएत शाळामास्तर असलेले लाफकादिओ हर्न यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हे नोंदवून ठेवलं आहे. १८९० मध्ये महामंदिराच्या आत प्रवेश मिळालेले पहिले पाश्चात्त्य म्हणूनही त्यांचं नाव घेतात.

एवढं सगळं असूनही विसाव्या शतकातले बरेच इतिहासकार इझुमोची थोरवी ही कवींची निर्मिती मानत. पुराणकथा भरपूर, जमिनीतून मात्र काही निघालेलं नाही, असा त्यांचा आक्षेप होता. १९८४ साली कोजिन्दानी नावाच्या दरीत शेतरस्त्याच्या आखणीआधी खोदून पाहिलं, तर डोंगरउतारावर चार ओळींत नीट लावून ठेवलेल्या ब्राँझच्या तलवारी मिळाल्या. मोजल्या तेव्हा ३५८ भरल्या. तोवर अख्ख्या जपानमध्ये मिळून सुमारे ३०० सापडल्या होत्या. १९९६ साली तिथून साधारण तीन किलोमीटरवर, पुन्हा शेतरस्त्याच्याच कामात, ३९ ब्राँझच्या घंटा निघाल्या. तलवारींपैकी ३४४ वर मुठीजवळ बारीक फुली कोरलेली आहे. तीच फुली १४ घंटांवरही आहे. दोन्ही ठेवी एकाच लोकांच्या, किंवा एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांच्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे कुणीतरी एवढी संपत्ती गोळा करू शकत होतं आणि ती जमिनीत पुरायचं ठरवू शकत होतं. का पुरली, हे आजही उलगडलेलं नाही.

मला इझुमोविषयी सांगायचं आहे ते हेच. इथल्या लोकांनी गोष्ट सांभाळताना पुराव्याची वाट पाहिली नाही, आणि पुरावा आला तेव्हा गोष्ट बदलायची वेळ त्यांच्यावर आली नाही. इ.स. ७३३ मध्ये लिहिलेला इझुमो प्रांताचा वृत्तांत जवळजवळ अखंड स्वरूपात उपलब्ध आहे. त्या काळी प्रत्येक प्रांताने असा वृत्तांत लिहायचा होता, पण इतका पूर्ण एकच उरला. त्यात ३९९ देवळांची यादी आहे. ती यादी हातात घेऊन आजही गावोगाव हिंडता येतं. भाताच्या खाचराच्या कडेला, शाळेमागे, बंदरावर, त्यातली कित्येक देवळं अजून पूजेत आहेत.

आपल्याकडून जपानला जाणारे बहुतेकजण टोकियो, क्योटो, ओसाका करून परततात. ओकायामाहून याकुमो नावाची गाडी डोंगर ओलांडून साधारण तीन तासांत इझुमोला पोचवते. टोकियोहून रात्रभराची शयनयान गाडीही आहे. महामंदिरासाठी एक दिवस आणि आसपासच्या देवळांसाठी किमान दोन ठेवा. आधी संग्रहालय बघा, मग मंदिर. खांब डोळ्यांखालून गेला की मंदिर वेगळंच दिसतं. देवांचा महिना गाठायचा असेल तर तारीख चांद्र पंचांगाने ठरते, बहुधा नोव्हेंबरात येते, आणि राहण्याच्या जागा फार आधी भरतात. आणि वेळ कमी पडून महामंदिराखेरीज एकच देऊळ बघणं शक्य असेल, तर कामोसु बघा. बसच्या फेऱ्या थोड्या आहेत, परतीची वेळ आधी लिहून घ्या.